चरणे आणि राखणे

मराठीत ‘चरणे’ या क्रियापदाला सध्या बरे दिवस नाहीत. एखादे खाते कुणाचे तरी ‘चराऊ कुरण’ होते, एखाद्या संस्थेत संचालक मंडळी वर्षानुवर्षे ‘चरत’ असतात. ‘कुरण’ हा मुळात हिरवा, ओला शब्द. पण आजच्या वाचकाला तो गवतापेक्षा गैरव्यवहाराच्या बातमीतच अधिक भेटतो. जनावराच्या बाबतीत जी निव्वळ भूक असते ती माणसाला लावली की निंदा होते, आणि त्या निंदेचा डाग उलटून मूळ क्रियेवरही पडतो. चरणे म्हणजे फस्त करणे, मागे काही न ठेवणे, असा अर्थ आपल्या मनात पक्का होऊन बसतो.

याच्या जोडीला एक दुसरे क्रियापद आहे: ‘राखणे’. संस्कृतातल्या ‘रक्ष्’ धातूपासून आलेले. ‘गुराखी’ या शब्दात ते दडलेले आहे. गुराखी गुरे चारतो, पण भाषेने त्याचे नाव चारण्यावरून ठेवले नाही, राखण्यावरून ठेवले. तो काय राखतो, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. तो लांडग्यापासून, विहिरीपासून, विषारी पाल्यापासून गुरे राखतो. त्याचबरोबर गुरांपासून लोकांचे पीकही राखतो. म्हणजे तोंड जनावराचे आणि त्या तोंडाची जबाबदारी माणसाची. ‘चरणे’ आणि ‘राखणे’ या दोन क्रियापदांत जे अंतर आहे त्याविषयीच हा लेख आहे. निमित्त मात्र तणाचे आहे.

मी मराठी शिकवते. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध कवितेत येणाऱ्या फुलांपुरताच. परंतु आमचे महाविद्यालय पर्जन्यछायेच्या प्रदेशात, माळावर वसलेले आहे, आणि प्राध्यापक कक्षाच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या माळावर पावसाळ्यानंतर पांढऱ्या बारीक फुलांचे गाजर गवत कमरेएवढे माजते. दर वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या निर्मूलनाचा सप्ताह होतो, मुले हातमोजे घालून ते उपटतात, छायाचित्रे निघतात, आणि सप्टेंबरात ते पुन्हा उभे राहते. एकदा हे पाहत असताना वनस्पतिशास्त्राचे एक सहकारी सहज म्हणाले, “अमेरिकेत असल्या कामाला मेंढ्या भाड्याने आणतात.” मला ती थट्टा वाटली. त्यांनी दुसऱ्या दिवशी चार-पाच छापील लेख आणून माझ्या टेबलावर ठेवले. मी ते वाचले, आणि मग वाचतच गेले.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या विस्तीर्ण चराऊ मैदानांत ‘लीफी स्पर्ज’ नावाचे एक तण आहे. ते मूळचे युरोप-आशियातले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचले. १८२७मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये त्याची पहिली नोंद झाली. पुढे ते पश्चिमेकडे पसरत नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, माँटाना, वायोमिंग या राज्यांच्या गवताळ प्रदेशांत शिरले. ते आपल्याकडच्या शेराच्या आणि त्रिधारी निवडुंगाच्या कुळातले आहे. देठ मोडला की पांढरा चीक येतो. आपल्याकडे शेताच्या कडेला शेर का लावतात? जनावर त्याला तोंड लावत नाही म्हणून. जो गुण आपल्या कुंपणाला उपकारक ठरला तोच तिथल्या कुरणाला जाचक ठरला. गाईच्या तोंडाला आणि पोटाला तो चीक सोसत नाही. त्यामुळे गाई ते तण तर टाळतातच, पण त्याच्या दाटीत उगवलेले चांगले गवतही टाळतात. परिणामी भोवतालचे गवत खाल्ले जाते आणि तण तेवढे राहते. दर वर्षी थोडी जागा त्याच्याकडे जाते.

त्याचा बंदोबस्त करणे सोपे नाही. मुळे पंधरा फुटांहूनही खोल जातात आणि मुळाच्या तुटलेल्या तुकड्यातून नवा कोंब फुटतो. पिकलेली बोंडे तडकून बिया कित्येक फूट दूर उडतात, आणि त्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. नांगरावे तर तुकडे पसरतात, औषध फवारावे तर खर्च पेलत नाही, आणि नदीकाठी, झाडांजवळ ते फवारणे धोक्याचे. अशा जागी मेंढ्या आणि शेळ्या कामाला आल्या. गाईला जे सोसत नाही ते त्यांना सोसते. आहाराचा बराच मोठा भाग हे तण असले तरी त्यांना अपाय होत नाही. १९९७मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने वरील चार राज्यांत या एका तणाविरुद्ध एक मोठा प्रकल्प हाती घेतला. त्यात मेंढ्या होत्या, मुळे खाणारे युरोप-आशियातून आणलेले बारीक भुंगेरे होते, बेताने वापरलेली औषधे होती. या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो, कोणतेही एक साधन पुरे पडत नाही, हा त्या खटाटोपाचा निष्कर्ष होता.

साहित्याचा अभ्यासक म्हणून मला या सगळ्यात सर्वाधिक गुंतवले ते रुचीच्या प्रश्नाने. मेंढी ते तण खाऊ शकते हे खरे, पण पहिल्या दिवशी खात नाही. नव्या कळपाला ते ओळखीचे व्हावे लागते. युटा राज्य विद्यापीठातले फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे याचा अभ्यास केला: जनावर काय खावे हे कुठून शिकते? त्यांच्या संशोधनातून पुढे आलेले उत्तर असे की पहिली शिकवण आईकडून येते. कोकरू आईच्या तोंडाकडे पाहते, ती जे खाते ते खाते. मग कळपातल्या सोबत्यांकडून, आणि शेवटी स्वतःच्या पोटाकडून. खाल्ल्यावर बरे वाटले तर ते चवीला गोड लागू लागते, मळमळले तर तीच चव नकोशी होते. म्हणजे रुची ही केवळ जिभेची बाब नाही. तीत घराणे आहे, संगत आहे आणि अनुभव आहे.

याच अभ्यासाचा आधार घेऊन कॅथी व्होथ या बाईंनी २००४मध्ये माँटानातल्या एका ऐतिहासिक पशुपालन केंद्रावर चक्क गाईंना तण खायला शिकवले. त्यांची रीत फार साधी आहे. पहिले काही दिवस गाईंना रोज थोडा अनोळखी पण पौष्टिक खुराक द्यायचा. आज एक, उद्या दुसरा, परवा तिसरा. अनोळखी गोष्ट तोंडात घालणे ही भीतीची बाब नाही, एवढाच त्यातला धडा. मग त्या ओळखीच्या झालेल्या खुराकात थोडे तण मिसळायचे, मग तण अधिक, शेवटी निव्वळ तण. मोजक्या दिवसांत गाई ते खाऊ लागल्या आणि पुढे माळावर सोडल्यावरही आपण होऊन खाऊ लागल्या. त्यांच्याकडे पाहून त्यांची वासरेही शिकली.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे अर्थातच माझा वर्ग आला. प्राचीन मराठी गद्याचा पहिला उतारा समोर आला की मुले ज्या नजरेने पाहतात ती मला ठाऊक आहे. पानाला तोंड न लावता बाजूने निघून जाण्याची ती नजर. आपण तिला ‘अभिरुचीचा अभाव’ म्हणतो आणि परिसंवादांतून हळहळतो. पण ज्याने कधी आईला पुस्तक वाचताना पाहिले नाही, ज्याच्या संगतीत कुणी वाचत नाही, त्याच्यात अभाव आहे तो रुचीचा की शिकवणीचा? ओळखीच्या घासात अनोळखी घास मिसळून देण्याची रीत आमच्या अभ्यासक्रम मंडळांना माँटानातल्या गाईंकडून शिकता येईल, असे मी अर्ध्या विनोदाने म्हणते. अर्धे मात्र गंभीरपणे.

परंतु रूपक फार ताणू नये. रुची शिकवता येते हे जितके खरे, तितकेच विष हे विषच असते हेही खरे. आमच्या माळावरचे गाजर गवत हे त्याचे उदाहरण. हे मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. १९५५च्या सुमारास पुण्यात ते ठळकपणे नजरेत आले आणि काही दशकांत देशभर झाले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आले अशी लोकांची समजूत आहे, आणि ‘काँग्रेस गवत’ हे त्याचे नावही सर्वतोमुखी आहे. त्याच्या स्पर्शाने माणसाच्या अंगाला खाज सुटते, परागांनी दमा बळावतो. जनावरे ते सहसा खात नाहीत. नाइलाजाने खाल्ले तर आजारी पडतात, दुधाला कडवट चव येते. इथे कॅथी व्होथ यांची रीत चालणार नाही. उलट इथे चराई रोगाला हातभारच लावते. जनावरांनी गवत ओरबाडून जमीन उघडी पाडली की त्या उघड्या जागेवर पहिला हक्क गाजर गवत सांगते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पशुपालकांना याच तणाशी झुंजावे लागते, आणि तिथला मुख्य उपाय म्हणजे कुरणावरचा भार कमी करणे, चांगल्या गवताला दाट होऊ देणे. चांगले गवत दाट असले की या तणाला शिरकाव करणे अवघड जाते. आपल्याकडे १९८४मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणलेले पट्टेरी भुंगेरे त्याची पाने खातात, टाकळ्यासारख्या वनस्पती त्याच्याशी जागेसाठी झगडतात. मेंढी मात्र या लढाईत सैनिक म्हणून कामाची नाही. तिने या माळावर कधी यावे आणि कधी येऊ नये, एवढेच महत्त्वाचे आहे.

कच्छच्या बन्नी प्रदेशात तर जनावराच्या तोंडाने नेमके उलटे काम केले. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा तो गवताळ प्रदेश एकेकाळी आशियातल्या उत्तम कुरणांत गणला जाई. खारटपणा पुढे सरकू नये म्हणून १९६०च्या दशकाच्या आरंभी तिथे वेडी बाभूळ लावण्यात आली. तिच्या शेंगा गोड असतात. गुरांनी त्या आवडीने खाल्ल्या, आणि न पचलेल्या बिया शेणाच्या खतासकट जागोजाग पेरल्या. आज त्या कुरणाचा फार मोठा भाग त्या काटेरी झाडोऱ्याखाली आहे. माँटानात ज्या तोंडाने तण हटवले त्याच तोंडाने बन्नीत ते वाढवले. तोंडाला पाप-पुण्य नाही. कोणते जनावर, कोणते रोप, कोणता महिना, किती दिवस, आणि नंतर त्या जनावराला कुठे न्यायचे, यावर सगळे अवलंबून आहे. म्हणूनच लीफी स्पर्जची बोंडे भरल्यावर तिथे चरलेल्या मेंढ्यांना स्वच्छ कुरणावर नेण्याआधी काही दिवस कोंडून ठेवावे, असे तिथले जाणकार सांगतात. पोटातल्या बिया तिथेच पडून जाव्यात यासाठी. तण फुलावर येण्याआधी चारले तर बी धरत नाही. नंतर चारले तर बी प्रवासाला निघते. आणि मेंढ्यांनी कितीही खाल्ले तरी खोल मुळे मरत नाहीत. दोन वर्षे चारून थांबलात तर तण परत येते. ते काम ‘निर्मूलन’ या शब्दात बसणारे नाही. मूळ तिथेच राहते. राहायचे असते ते त्याच्यावर लक्ष. आमच्या सप्ताहाच्या फलकावर जो शब्द असतो त्यात हे लक्ष नाही.

लक्ष ठेवणे म्हणजेच राखणे. आता मी जिथून निघाले तिथे, म्हणजे शब्दांकडे, येते. पण आधी वर्गातली एक गोष्ट सांगते.

एम. ए.च्या वर्गात आम्ही ‘बनगरवाडी’ शिकवतो. १९५५ची ही कादंबरी मेंढपाळांच्या वस्तीची आहे, आणि त्या वस्तीत येणाऱ्या एका तरुण शिक्षकाची आहे. तिच्यावर ग्रामीण जीवन, निसर्ग, प्रादेशिकता या अंगांनी बोलले जाते, मीही बोलते. या वाचनाच्या दिवसांत मी वर्गाला सहज विचारले की मेंढरे नक्की खातात काय. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी, जो सहसा बोलत नाही, तो उभा राहिला. त्याचे घराणे धनगराचे. वडील आजही पावसाळा संपला की मेंढरे घेऊन बाहेर पडतात.

“मॅडम, मेंढरू दिसल ते खातं असं लोकांना वाटतं,” तो म्हणाला. “पण त्याला कुठं न्यायचं ते मेंढका ठरवतो. कोवळ्या ज्वारीत गेलं की किरळ लागून मरतं. कुसळी कोवळी असतीय तवर चारायची, कुसळं धरली की तिकडं न्यायचं न्हाई. लोकरीत घुसत्यात, तोंडात रुतत्यात. सकाळच्या दवात लवकर सोडायचं न्हाई. आणि एका रानात जास्त दिस थांबलं तर रान पण मरतं आन् मेंढरू पण.”

“आणि बाभळीच्या शेंगा?” मी विचारले. माझ्या डोक्यात बन्नी होती.

“आकडीनं पाडून देतो की उन्हाळ्यात. मेंढरू शेंगा खातं, बी लेंडीतनं पेरतं. आमचे तात्या म्हणत्यात, मेंढरू म्हंजे पाभर.”

पाभर म्हणजे पेरणीचे अवजार. मेंढरू म्हणजे पाभर हे वाक्य मी त्या दिवशी फळ्यावर लिहिले, कारण चार-पाच संशोधन लेखांतून मला जे उमगले होते ते त्यात दोन शब्दांत आले होते. काय पेरायचे आणि काय नाही हे पाभर धरणाऱ्याला कळले पाहिजे, हा त्याचा न उच्चारलेला उत्तरार्ध.

तास संपल्यावर तो थांबला होता. वडिलांच्या मागे हे काम कोण करणार, असे मी विचारले. थोरला भाऊ औद्योगिक वसाहतीत कामाला लागला आहे. हा सेट-नेटची तयारी करतो. “वडील तसं विचारत न्हाईत मॅडम,” तो म्हणाला. “त्यांना ठाऊक हाय.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि सुटकाही नव्हती. मी तेव्हा काही बोलले नाही. मुलाने उन्हातान्हात फिरत राहावे आणि ज्ञान जतन करावे, अशी अपेक्षा पगारी प्राध्यापिकेने कुठल्या तोंडाने करावी?

प्रश्न त्याच्यापुरता नाही. अमेरिकेत तण चरण्यासाठी मेंढ्या आणि शेळ्या मागवल्या जातात तेव्हा जमिनीचा मालक किंवा सार्वजनिक संस्था त्या कामाचे पैसे मोजते. कळपामागे माणूस लागतो, आणि तिथे तो मिळेनासा झाल्यामुळे पेरू देशातून मेंढपाळ हंगामी परवान्यावर आणले जातात. आपल्याकडे मेंढपाळ अजून आहेत. शेतकरी त्यांना शेतात मेंढरे बसवायला बोलावतात, धान्य देतात, पैसे देतात. पण ते लेंडीखताचे. मेंढरांच्या तोंडाचे, आणि ते तोंड वेळेवर वळवणाऱ्या माणसाच्या जाणकारीचे मोल अजून कुणी केलेले नाही. माळावर मेंढपाळ दिसला की तो नुकसान करायला आला, हीच पहिली समजूत.

या समजुतीमागे आणखी एक शब्द आहे: ‘पडीक’. सरकारी दप्तरात, नकाशात आणि आपल्या बोलण्यातही माळ म्हणजे पडीक जमीन. काहीतरी व्हायचे राहून गेलेली जागा. मग तिथे झाडे लावायची, चर खणायचे, कारखाना आणायचा. परंतु मारवेल, पवना, डोंगरी या गवतांचे, काळविटांचे, माळढोकांचे, लांडग्यांचे हे माळ म्हणजे नासलेले अरण्य नव्हे. अलीकडे काही पर्यावरण-अभ्यासकांनी जुन्या मराठी वाङ्मयातले आणि मौखिक परंपरेतले वनस्पतींचे उल्लेख धुंडाळून असे दाखवले आहे की पश्चिम महाराष्ट्रातला हा प्रदेश कित्येक शतकांपूर्वीही विरळ झाडांचा गवताळ प्रदेशच होता. आपण ज्या ग्रंथांतून भक्ती आणि छंद शिकवतो त्यातून कुणी गवताचा इतिहास वाचला, याचे मला कौतुक वाटते, आणि हे आपल्यापैकी कुणाला आधी का सुचले नाही याची थोडी खंतही.

‘पडीक’च्या शेजारी ‘राखीव’ हा शब्द बसतो. एखादे क्षेत्र राखीव झाले की पहिला निर्बंध चराईवर येतो. त्याची कारणे पुष्कळदा रास्त असतात. अनिर्बंध चराईने माळ उजाड होतात हे कोण नाकारील? पण राजस्थानातल्या भरतपूरची हकीकत या बाबतीत विसरण्यासारखी नाही. तिथल्या केवलादेव पाणथळीत आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्पिढ्या चरत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२मध्ये चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, त्या संघर्षात पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसे मेली. पुढे काय झाले? म्हशी थांबल्यावर पाण्यात एक गवत बेसुमार माजले, उघडे पाणी आक्रसले, आणि ज्या पाणपक्ष्यांसाठी हे सारे केले होते त्यांचीच अडचण झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्या दशकात तिथे दीर्घ अभ्यास केला, आणि म्हशींची चराई त्या पाणथळीला उपकारक होती असे त्यातून निष्पन्न झाले. म्हशी तिथे नुसत्या चरत नव्हत्या, एका अर्थाने पाणी राखत होत्या. हे कळायला माणसांचे प्राण जावे लागले, आणि कळल्यावरही ती माणसे परत येणार नव्हती.

आपल्याकडे ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ ही म्हण आहे. दुरून, उंचावरून, खाली न उतरता कारभार करणाऱ्याला ती लावतात. चराईला सरसकट बंदी हे जसे उंटावरून हाकणे आहे, तसेच ‘मेंढ्या सोडा, तण जाईल’ हा नवा उत्साहही उंटावरचाच ठरेल, जर त्या मेंढ्यांमागे चालणारा माणूस आपण हिशेबात धरला नाही तर. बन्नीत गुरे होती, शेंगा होत्या. नव्या झाडाची रीत ओळखायला मात्र कुणाला पिढी मिळाली नव्हती. माँटानात गाईंना शिकवावे लागले, पण त्याआधी माणसाला शिकावे लागले. जनावर हे साधन खरे नव्हेच. खरे साधन म्हणजे कुठे थांबायचे आणि कुठून उठायचे याचे भान, आणि ते भान मेंढक्याच्या पायांत असते.

‘तण’ हा शब्द ‘तृण’ या शब्दाचेच झिजलेले रूप आहे. म्हणजे मुळात त्याचा अर्थ गवत, एवढाच. नको असलेले गवत हा अर्थ शेती करणाऱ्या माणसाने त्यात नंतर भरला. तण ही वनस्पतींची जात नाही, आपण दिलेला निकाल आहे. आपल्या मुलखात शेर कुंपण असतो, त्याचेच भाऊबंद दुसऱ्या मुलखात संकट. कुसळी एका महिन्यात चारा, पुढच्या महिन्यात काटा. निकाल देणाऱ्याने जागेवर असावे, ऋतू पाहावा, आणि पुन्हा पुन्हा येऊन पाहावे, एवढीच अपेक्षा आहे. ‘राखीव’ ही एकदा लावायची पाटी आहे, ‘राखणे’ हे रोजचे काम आहे. पाटी लावून काम संपत नाही, हे व्याकरणात विशेषण आणि क्रियापद यांतला फरक शिकवणाऱ्यांना तरी वेगळे सांगायला नको.

त्या विद्यार्थ्याने एम. ए.च्या प्रकल्पासाठी आपल्या वडिलांचे शब्द गोळा करायचे ठरवले आहे. मेंढरांना रात्री कोंडायच्या जाळीची ‘वाघर’, शेंगा पाडायची ‘आकडी’, ज्वारीची ‘किरळ’, आणि गवतांची, आजारांची, वाटांची, मुक्कामांची, कळपाला हाक घालण्याची कितीतरी नावे, जी कुठल्या कोशात मिळतील तर मिळतील. शब्दसंग्रहाने मेंढरे राखली जाणार नाहीत, हे त्याला कळते आणि मलाही. तरीही ज्या दिवशी कुणी एखाद्या माळाचे काय करावे हे ठरवायला बसेल, त्या दिवशी त्याच्यासमोर ‘पडीक’ हा एकच शब्द असू नये, एवढी तजवीज मराठीच्या विभागाला करता येईल. वाचकांपैकी जे शिकवतात त्यांनी आपापल्या वर्गाच्या मागच्या बाकांवर चौकशी करून पाहावी. तिथे कुणी ना कुणी राखणाऱ्याच्या घरचे असेल.